अष्टपुत्रेपासून दोन लेंकरांपर्यंत : महाराष्ट्रांतील घटत्या जन्मप्रमाणाची कारणमीमांसा

नमस्कारास वांकलेल्या नववधूस 'अष्टपुत्रा सौभाग्यवती भव' असा आशीर्वाद देण्याची चाल आपल्याकडे अद्याप सर्वस्वीं मोडलेली नाहीं. परंतु त्यांतील पूर्वार्ध खरा व्हावयाचा नाहीं, किंबहुना तो खरा व्हावा अशी उभयपक्षीं कोणाची इच्छाही नाहीं, हें आशीर्वाद देणाऱ्यास व घेणारीस सारखेंच ठाऊक असतें. शब्द राहिला, व्यवहार पालटला. हा पालट कोणत्या सामाजिक व आर्थिक कारणांनीं घडून आला, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पहिली फेरी १९९२–९३ सालीं झाली. त्या वेळच्या मानानें महाराष्ट्रांतील एका स्त्रीस तिच्या सर्व आयुष्यांत सरासरीनें २.९ अपत्यें होतील, असा हिशेब निघाला. २००५–०६ सालीं हा आंकडा २.१ वर आला, आणि २०१९–२१ च्या फेरींत तो १.७ भरला. एका पिढीच्या जागीं तेवढीच दुसरी पिढी उभी राहण्यास सुमारें २.१ हें प्रमाण लागतें, असें या शास्त्राचे जाणते मानतात. म्हणजे महाराष्ट्र ती रेषा ओलांडून खालीं उतरला आहे. ही उतरण केवळ मुंबई-पुण्याची आहे, असेंही म्हणतां येत नाहीं. २०१९–२१ च्या फेरींत नागरी भागाचा आंकडा १.५ असून ग्रामीण भागाचा १.९ होता.

याचीं कारणें सांगतांना दोन मतें वारंवार ऐकूं येतात. एक मत असें कीं, मुली शिकल्या, नोकऱ्या करूं लागल्या, आणि त्यांस लेंकरांचा कंटाळा आला. दुसरें मत असें कीं, सरकारनें साधनें पुरविलीं व प्रसंगीं सक्ती केली, त्याचें हें फळ. दोन्ही मतांत सत्याचा अंश आहे; पण दोन्ही कार्यासच कारण समजतात. आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे: पूर्वीं मूल जगेल याची खात्री नव्हती, आणि जगलेंच तर तें लवकरच घराच्या उत्पन्नांत भर घालीत असे. आतां मूल जगेल अशी खात्री वाटते, आणि जगलें म्हणजे त्याजवर वीस-पंचवीस वर्षें खर्च करावा लागतो. या दोन पालटांच्या मिलाफानें जन्मप्रमाण घटलें. बाकीचीं कारणें यांच्या पोटांत येतात.

पूर्वस्थिति : जन्म पुष्कळ, वंश थोडे

ऋग्वेदांतील विवाहसूक्तांत वधूस दहा पुत्र व्हावेत अशी इंद्राजवळ प्रार्थना आहे. तैत्तिरीय संहितेंत ब्राह्मण तीन ऋणें घेऊनच जन्मास येतो व त्यांपैकीं पितरांचें ऋण प्रजेनें फिटतें, असें सांगितलें आहे. मनूनें तर पुत्र या शब्दाची व्युत्पत्तीच पुत् नामक नरकापासून तारणारा अशी लाविली. या वचनांवरून आपल्या पूर्वजांच्या घरीं मुलाबाळांची रेलचेल होती, असें अनुमान काढण्याचा प्रघात आहे. परंतु वचनें इच्छा सांगतात. घडलेली गोष्ट पाहावयाची तर दप्तरांकडेच वळलें पाहिजे. आणि कोणत्याही मोठ्या घराण्याचें जुनें दप्तर उघडलें तरी त्यांत दत्तकाचे कागद हातीं लागल्यावांचून सहसा राहत नाहींत.

शाहू छत्रपति १७४९ सालीं वारले तेव्हां गादीस औरस पुत्र नव्हता, म्हणून रामराजास आणावें लागलें. नानासाहेब पेशव्यांचे तीन पुत्र कर्त्या वयास पोंचले. त्यांपैकीं विश्वासराव १७६१ सालीं पानिपतावर पडले, माधवराव १७७२ सालीं क्षयानें वारले व नारायणराव १७७३ सालीं मारले गेले. नारायणरावांचे पुत्र सवाई माधवराव १७९५ सालीं निपुत्रिक वारले व ती शाखा खुंटली. दुसऱ्या बाजीरावानें अनेक विवाह केले, तरी अखेरीस धोंडोपंतास दत्तकच घ्यावें लागलें. सातारा, नागपूर व झांशी हीं तीन राज्यें १८४८ ते १८५४ या सहा वर्षांत इंग्रजांनीं औरस पुत्राच्या अभावाचें निमित्त करून खालसा केलीं, हें तर सर्वविश्रुत आहे. ज्या घरांत वैद्य होते, अन्न होतें, दासदासी होत्या, त्यांची ही कथा. मग कोरडवाहू जमिनीवर पोट भरणाऱ्या कुणब्याच्या घरीं काय होत असेल, याची कल्पनाच करावी.

खानेसुमारीच्या काळांत या कल्पनेस आंकड्यांचा आधार मिळतो. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग उद्भवला. १८९९–१९०० सालीं मोठा दुष्काळ पडला. १९१८ सालीं इन्फ्लुएन्झाची सांथ आली. हल्लींच्या महाराष्ट्राच्या प्रदेशांत १९११ सालीं सुमारें २ कोटी १५ लक्ष माणसें होतीं. १९२१ सालीं तीं सुमारें २ कोटी ८ लक्षच राहिलीं. जन्म तर विपुल होतेच, आणि तरीही दहा वर्षांत लोकसंख्या वाढावयाच्या ऐवजीं घटली. अशा देशांत 'अष्टपुत्रा' हा आशीर्वाद म्हणजे मृत्यूशीं मांडलेला हिशेबच होता. आठ मागावेत, तेव्हां कोठें दोन-तीन पदरांत पडावेत.

जुने निर्बंध

असें असलें तरी पूर्वींचें जनन अगदींच अनिर्बंध होतें, असेंही समजूं नये. ज्या जातींत पुनर्विवाह निषिद्ध होता तेथें प्रौढ वराशीं लहान मुलीचें लग्न झालें म्हणजे ती अपत्य होण्याच्या वयांतच विधवा होण्याचा संभव फार. १८५६ सालीं पुनर्विवाहाचा कायदा झाला, तरी रूढि त्यानें लवकर हलली नाहीं. पाट लावण्याची मुभा असलेल्या जातींत हा निर्बंध सैल होता. शिवाय मुलास दोन-दोन, तीन-तीन वर्षें अंगावर पाजणें, बाळंतपणासाठीं माहेरीं जाऊन कित्येक महिने तेथेंच राहणें, आणि सुनेचा पाळणा हलूं लागल्यावर सासूनें स्वतः बाळंत होणें लाजिरवाणें मानणें, या चालींनीं दोन मुलांमधील अंतर वाढत असे व अखेरचें बाळंतपण लवकर होत असे. मुलें थोडीं व्हावींत अशा हेतूनें या चाली पडलेल्या नव्हत्या. पण त्यांचा परिणाम तसा होई. ही गोष्ट ध्यानांत ठेवली म्हणजे आजची उतरण कशामुळें निराळी आहे, हें कळतें. पूर्वीं संख्या रूढीनें व मृत्यूनें आवरली जाई; आतां ती नवराबायको विचारानें ठरवितात.

अपत्याचें मूल्य

तीं असें कां ठरवूं लागलीं? शेतकऱ्याच्या घरीं मूल सहा-सात वर्षांचें झालें कीं गुरें वळूं लागे. पिकाची राखण, शेण-गोवऱ्या, सरपण, पाणी, हीं कामें मुलांचीं. आणि धाकट्या भावंडास काखेस मारून फिरणें हें थोरल्या मुलीचें. दहाव्या-बाराव्या वर्षीं तें औत धरण्याच्या उमेदवारींत असे. म्हणजे मुलानें खाल्लेलें अन्न तें लवकरच फेडी, आणि पुढें म्हातारपणीं आईबापांस पोशी. कारागिराच्या घरीं हाच प्रकार. मुलगा बापाच्या हाताखालीं तयार होई, व त्या शिक्षणास दमडीही पडत नसे.

ही व्यवस्था प्रथम कायद्यानें व मागाहून शाळेनें मोडली. १८८१ च्या कारखान्यांच्या कायद्यानें ७ वर्षांखालील मुलांस कामावर ठेवण्याची बंदी झाली. १८९१ सालीं ही मर्यादा ९ वर्षें, १९२२ सालीं १२ वर्षें व १९४८ सालीं १४ वर्षें झाली. प्राथमिक शिक्षण सक्तीचें करण्यासाठीं गोखल्यांनीं १९११ सालीं विधेयक आणिलें, तें नामंजूर झालें. परंतु कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९१७ सालीं सक्तीचें व मोफत शिक्षण सुरू केलें, आणि मुंबई इलाख्यांत विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नानें १९१८ सालीं तसा कायदा झाला. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलास शिक्षणाचा हक्क देणारा कायदा मात्र २००९ सालीं झाला.

शाळा जरी मोफत असली तरी शाळेंत बसलेलें मूल गुरांमागें नसतें. हा पहिला तोटा. पाटी-पुस्तकें, कपडे, पुढें शिकवणी, परगांवचें वसतिगृह, महाविद्यालयाचें शुल्क, हा दुसरा. शिक्षकी पेशांत आयुष्य घालविलेल्या आम्हांस हें सांगतांना संकोच वाटतो, पण खरें तें सांगितलें पाहिजे: शाळेनें अपत्यास जी किंमत आणली तिच्यामुळेंच अपत्यांची संख्या घटली. एका मुलास नीट शिकविण्यास जें लागतें तेंच चौघांत वांटलें तर चौघेही अर्धवट राहतात, हा हिशेब निरक्षर आईसही सहज कळतो. म्हणूनच ही उतरण शिकलेल्यांपुरती राहिली नाहीं. स्वतः शाळेचें तोंड न पाहिलेल्या मातांनींही मुलांस शाळेंत घालण्यासाठीं आपलीं बाळंतपणें आवरलीं.

वांटणीचा प्रश्न

दुसरें आर्थिक कारण जमिनीचें. आपल्याकडे मान्य असलेल्या मिताक्षरेच्या सिद्धान्ताप्रमाणें पुत्रास वडिलार्जित मिळकतींत जन्मतःच स्वत्व प्राप्त होतें, व वांटणी समान होते. येथें एक शंका उद्भवते. फ्रान्स देशांत १८०४ च्या नेपोलियनच्या संहितेनें सर्व अपत्यांस वांटा देणें भाग पाडलें, आणि शेताचे तुकडे होऊं नयेत म्हणून तेथील शेतकऱ्यानें मुलेंच कमी केलीं, असें प्रतिपादन पुष्कळांनीं केलें आहे. तेथें जन्मप्रमाण युरोपांतील इतर देशांच्या फार आधीं उतरलें, हेंही खरें. जरी कांहीं प्रांतांत ती उतरण या संहितेच्या पूर्वींच सुरू झाली होती. मग विज्ञानेश्वरानें समान वांटणीचा नियम इतक्या शतकांपूर्वीं सांगूनही आपल्याकडे तो परिणाम कां झाला नाहीं?

आमच्या मतें याचें उत्तर वर आलेंच आहे. वांटणीची झळ लागण्यास वांटेकरी जगावे लागतात. जेथें चार पुत्रांपैकीं एक-दोनच बापाच्या पश्चात् उरत, आणि गांवाच्या हद्दींत पडीक जमीन शिल्लक असे, तेथें समान वांटणीचा नियम ग्रंथांतच राही. पुढें परिस्थिति बदलली. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे डॉ. हॅरोल्ड मॅन यांनीं पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गांवाची पाहणी करून १९१७ सालीं जें पुस्तक प्रसिद्ध केलें त्यांत असें दिसून आलें कीं, तेथील सरासरी धारणक्षेत्र १७७१ सालीं ४० एकर होतें, तें १८१८ सालीं १७॥ एकर झालें व १९१४–१५ सालीं अवघें ७ एकर उरलें. सबंध महाराष्ट्राचा विचार केला तर शेतीच्या गणनेप्रमाणें १९७०–७१ सालीं सरासरी धारणक्षेत्र ४.२८ हेक्टर होतें, तें २०१५–१६ सालीं १.३४ हेक्टर भरलें. तीन एकरांच्या धन्यास तीन पुत्र झाले तर प्रत्येकाच्या वांट्यास काय येणार, हें सांगावयास अर्थशास्त्री नको. शेतीवर पुढची पिढी जगत नाहीं. ती शिकून बाहेर पडली पाहिजे. आणि शिकविणें खर्चाचें आहे. अशा रीतीनें जमिनीचा प्रश्न फिरून शाळेच्या प्रश्नाशींच येऊन मिळतो.

या सर्वांच्या मुळाशीं मृत्यूची माघार आहे. देवीची लस, सांथींचा बंदोबस्त, पिण्याचें शुद्ध पाणी, पुढें नवीं औषधें व बाळंतपणाची सोय यांमुळें १९२१ नंतर मृत्युप्रमाण उतरत गेलें. २०२० सालीं महाराष्ट्रांत जन्मणाऱ्या दर हजार मुलांमागें वर्षाच्या आंत दगावणाऱ्यांची संख्या १६ होती. दोन झालीं तर दोन्ही जगतील असा भरंवसा ज्या पिढीस प्रथम वाटला, तिनेंच प्रथम दोहोंवर थांबण्याचें धाडस केलें. मृत्यु आधीं उतरला व जन्म मागाहून. आणि मधल्या काळांत लोकसंख्या फुगली. १९६१ सालीं ३ कोटी ९६ लक्ष असलेला महाराष्ट्र २०११ सालीं ११ कोटी २४ लक्षांवर गेला तो यामुळें.

साधनें व सक्ती

साधनांमुळेंच जन्म घटले असें म्हणणाऱ्यांनीं कालक्रम पाहावा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं मुंबईस १९२१ सालीं संततिनियमनाचें केंद्र उघडलें, व १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविलें. त्यांच्या वांट्यास टवाळी व खटले आले. १९३४ च्या खटल्यांत डॉ. आंबेडकरांनीं त्यांची बाजू मांडली. १९३८ सालीं डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीनें मुंबईच्या विधिमंडळांत संततिनियमनास उत्तेजन देण्याचा ठराव आला, तो फेटाळला गेला. स्वतंत्र भारताच्या सरकारनें १९५२ सालीं हें कार्य अंगावर घेतलें. म्हणजे साधन ठाऊक झाल्यानंतरही त्याची मागणी सार्वत्रिक होण्यास दोन पिढ्या लोटल्या. लोकांस गरज भासेपर्यंत साधन कपाटांतच राहिलें.

सक्तीची गोष्टही अशीच. आणीबाणीच्या काळांत, १९७६–७७ सालीं, देशांत ८२ लक्षांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. पुढच्याच वर्षीं त्यांची संख्या १० लक्षांच्याही खालीं आली. महाराष्ट्राच्या विधिमंडळानें १९७६ सालीं कुटुंबाच्या मर्यादेचें सक्तीचें विधेयक संमत केलें होतें, त्यास राष्ट्रपतींची मान्यता मिळाली नाहीं. तरी सक्ती सरल्यानंतरच्या काळांत हें प्रमाण शांतपणें उतरत राहिलें. दंडुक्यानें जें एका वर्षांत साधलें तें दुसऱ्या वर्षीं विरलें. घरच्या हिशेबानें जें साधलें तें टिकलें.

भार कोणावर पडला

स्त्रियांच्या शिक्षणाविषयीं येथें दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८४८ सालीं पुण्यास मुलींची शाळा उघडली. अण्णासाहेब कर्वे यांनीं १९१६ सालीं महिला विद्यापीठ स्थापिलें. २०११ च्या खानेसुमारींत महाराष्ट्रांतील सुमारें ७६ टक्के स्त्रिया साक्षर आढळल्या. शिक्षणानें स्त्रीस घरांत बोलण्याचें बळ आलें, हें निःसंशय. परंतु 'शिकलेल्या स्त्रीनें लग्न लांबविलें म्हणून मुलें कमी झालीं' हें विधान महाराष्ट्रापुरतें अपुरें आहे. १९२९ च्या शारदा कायद्यानें मुलीच्या लग्नाचें किमान वय १४ केलें, व १९७८ च्या दुरुस्तीनें तें १८ झालें. तरी २०१९–२१ च्या पाहणींत २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकीं सुमारें २२ टक्के स्त्रियांचीं लग्नें अठराव्या वर्षाच्या आंतच झालेलीं आढळलीं. अशा स्त्रीचा क्रम साधारणतः ठरलेला असतो: लवकर लग्न, लागोपाठ दोन बाळंतपणें, आणि पंचविशी-तिशीच्या सुमारास शस्त्रक्रिया. त्याच पाहणींत १५ ते ४९ वर्षांच्या विवाहित स्त्रियांपैकीं सुमारें ४९ टक्के स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली होती. पुरुषांच्या शस्त्रक्रियेचें प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी भरलें. ज्या पालटाचा लाभ सबंध घरास झाला, त्याची किंमत एकट्या स्त्रीच्या शरीरानें दिली. ज्यांस शिकलेल्या स्त्रीवर सुखलोलुपतेचा आरोप ठेवावयाचा असेल त्यांनीं हे दोन आंकडे शेजारीं-शेजारीं ठेवून वाचावेत.

किंमत मुलींनींही दिली. संख्या घटली, पण पुत्राची आकांक्षा त्या प्रमाणांत घटली नाहीं. आठांमध्यें एक तरी पुत्र सहज येई. दोहोंमध्यें तो आलाच पाहिजे असें मनांत धरल्यावर गर्भांतच निवड सुरू झाली. महाराष्ट्रांत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागें १९९१ सालीं ९४६ मुली होत्या, २००१ सालीं ९१३ व २०११ सालीं ८९४. गर्भलिंगपरीक्षेवर नियंत्रण घालणारा कायदा महाराष्ट्रानें १९८८ सालीं देशांत प्रथम केला, आणि १९९४ सालीं मुलीस वडिलार्जित मिळकतींत जन्मतः हक्क दिला. तथापि मन कायद्याच्या मागून फार सावकाश चालतें. पुत् नरकाची भीति ज्यांच्या मनांतून गेली, त्यांच्या मनांत म्हातारपणाची भीति शिल्लक आहे, आणि मुलगी सांभाळील हा विश्वास अद्याप पुरता बसलेला नाहीं.

उपसंहार

अलीकडे हवा उलटी वाहूं लागली आहे. ज्या महाराष्ट्रानें २००५ सालीं दोहोंपेक्षां अधिक मुलें असणारांस सरकारी नोकरी बंद करणारा नियम केला, त्याच प्रांतांत आतां घरोघर तीन मुलें असावींत असे उपदेश ऐकूं येतात. वृद्धांची संख्या वाढते आहे व हाताखालीं येणारे हात थोडे आहेत, ही चिंता खोटी नाहीं. २०११ सालींच महाराष्ट्रांत साठीच्या पुढील माणसें शेंकडा सुमारें दहा होतीं. परंतु वरील विवेचन ज्यास पटलें असेल त्यास हेंही पटेल कीं, जें सक्तीनें घटलें नाहीं तें उपदेशानें वाढावयाचें नाहीं. अपत्यांचा खर्च, आईची नोकरी, पाळण्याजवळ बसण्यास माणूस, शिक्षणाचें शुल्क व म्हातारपणाची तरतूद, हे प्रश्न आईबापांच्या एकट्याच्या माथ्यावर जोंपर्यंत आहेत तोंपर्यंत त्यांचा हिशेब बदलण्याचें कारण नाहीं. आणि तो हिशेब त्यांचाच आहे. तो बाहेरच्यांनीं मांडूं नये, असें आमचें मत आहे.

शेवटीं संशोधकांस एक विनंति. या विषयाचें साहित्य आपल्याच कपाटांत पडून आहे. गेल्या शतकांत छापलेले कुलवृत्तान्त, तीर्थोपाध्यायांच्या वह्या, दत्तकपत्रें, वांटणीपत्रें व शाळांचे जुने पट यांवरून एकेका कुळांत कोणत्या पिढीपासून अपत्यें घटूं लागलीं, हें बऱ्याच अंशीं काढतां येईल. मात्र तीं साधनें वाचतांना सावधगिरी बाळगली पाहिजे. जुन्या वंशावळींत मुलींचीं नांवें बहुधा नसतात, आणि बाळपणीं गेलेलीं मुलें तर मोजलीच जात नसत. चार पुत्रांच्या शाखेमागें किती बाळंतपणें झालीं होतीं, हें वंशावळ सांगत नाहीं. जीं मोजलीं गेलीं नाहींत त्यांची गणती करण्याचा यत्न झाल्यावांचून या प्रकरणाचा पूर्वार्ध पुरा व्हावयाचा नाहीं.